कमांड लाइनवरून क्लाउड सेवा एनेबल करताना ४०३ का येतो, आणि स्क्रिप्ट कशी लिहावी

प्रश्न असा होता: “नाशिकमध्ये आमची चार जणांची टीम आहे. द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी ट्रेसेबिलिटीचं, म्हणजे माल कुठून आला याचा माग ठेवणारं, ॲप बनवतो. गूगल क्लाउडवर प्रत्येक ग्राहकाचं वेगळं प्रोजेक्ट. आतापर्यंत कन्सोलमध्ये जाऊन एकेक सेवा एनेबल करायचो, पण दर नव्या ग्राहकाला एखादी राहून जाते आणि डिप्लॉय करताना कळतं. म्हणून शेल स्क्रिप्ट लिहिली. ती कधी चालते, कधी ४०३ (परवानगी नाकारल्याचा एरर) देते. आमच्याकडे ओनर हक्क आहेत, तरी परवानगी नाही असं का म्हणते? आणि अशी स्क्रिप्ट नीट कशी लिहायची?”

तुमची एनेबलची ओळ बरोबरच असणार, कारण त्या ओळीत चुकायला फारसं काही नाही. ‘जीक्लाउड सर्व्हिसेस एनेबल’ (जीक्लाउड म्हणजे गूगल क्लाउडचं कमांड लाइनवरचं साधन), पुढे सेवेचं नाव, झालं. अडतं ते तिच्या आजूबाजूला. कोणत्या प्रोजेक्टवर चाललंय, कोणाच्या ओळखीने चाललंय, आणि सेवा खरंच चालू झाली हे स्क्रिप्टला कसं कळलं, या तीन गोष्टी स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या नसतात. त्या लॅपटॉपच्या त्या दिवशीच्या अवस्थेवर सोडलेल्या असतात. म्हणून कधी चालते, कधी नाही. (कमांड मी देवनागरीत, फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरंच लागतील.)

आधी ४०३. हा आकडा दिसला की सगळे आयएएमच्या, म्हणजे कोणाला काय हक्क ते ठरवणाऱ्या, पानाकडे धावतात आणि कोणाला तरी आणखी मोठा रोल देऊन बसतात. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. पण गूगल क्लाउडमध्ये ४०३ हा एक आकडा बऱ्याच वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो, म्हणून त्याखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो. ‘ही एपीआय या प्रोजेक्टमध्ये आधी वापरलेली नाही किंवा ती बंद आहे’ (एपीआय म्हणजे प्रोग्रामने सेवेला हाक मारायचा मार्ग) असा मजकूर असेल आणि तपशिलात कारण ‘सर्व्हिस डिसेबल्ड’ दिसत असेल, तर तुमच्या हक्कांचा इथे संबंधच नाही. सेवा बंद आहे, एवढंच. ‘सेवा सापडली नाही किंवा परवानगी नाही’ असं एकाच वाक्यात दोन्ही असेल, तर माझा पहिला संशय सेवेच्या नावाच्या स्पेलिंगवर जातो. नाव चुकलं तरी उत्तर परवानगीच्या भाषेत येतं. तुमच्याकडे ओनर हक्क असूनही येणारे ४०३ बहुतेक या दोन प्रकारांतले असतील.

पहिल्या प्रकारात एक गोष्ट नेहमी निसटते. त्या संदेशात प्रोजेक्टचा आकडा असतो. नाव नाही, आयडी नाही, नुसता लांबलचक प्रोजेक्ट नंबर. आपण तो वाचतच नाही, कारण आपल्या डोक्यात आयडी असतो. तो नंबर कॉपी करा आणि ‘जीक्लाउड प्रोजेक्ट्स डिस्क्राइब’ला तुमचा आयडी देऊन येणाऱ्या प्रोजेक्ट नंबरशी ताडून बघा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत कितीतरी वेळा तो आकडा भलत्याच प्रोजेक्टचा निघालाय. माणूस नव्या ग्राहकाच्या प्रोजेक्टमध्ये सेवा पुन्हा पुन्हा एनेबल करत बसतो, आणि तक्रार असते जुन्या ग्राहकाच्या प्रोजेक्टची.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण ग्राहकागणिक प्रोजेक्ट असलेल्या टीमला हे हमखास भोवतं. तुमच्या मशीनवर गूगल क्लाउडच्या दोन वेगळ्या ओळखी असतात. ‘जीक्लाउड ऑथ लॉगिन’ केलं की जीक्लाउडच्या कमांडपुरती ओळख मिळते. ‘जीक्लाउड ऑथ ॲप्लिकेशन-डिफॉल्ट लॉगिन’ केलं की वेगळी ओळख तयार होते. ती पायथन किंवा नोडच्या लायब्ररी वापरतात, क्लाउडची मांडणी फाइलमध्ये लिहून करणारा टेराफॉर्मही वापरतो. या दुसऱ्या ओळखीची एक जेसॉन फाइल होम फोल्डरच्या आत ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, जीक्लाउडच्या फोल्डरात पडलेली असते. ती उघडून बघा. आत ‘कोटा प्रोजेक्ट आयडी’ नावाचं एक फील्ड दिसेल, म्हणजे विनंत्या कोणत्या प्रोजेक्टच्या नावावर मोजायच्या ते. तुम्ही ‘जीक्लाउड कॉन्फिग सेट प्रोजेक्ट’ करून नव्या ग्राहकावर आलात, तरी या फाइलमध्ये मागच्या ग्राहकाचं नाव तसंच राहिलेलं असू शकतं. मग पायथनचा एखादा तुकडा चालवला की लायब्ररी विनंतीसोबत तो जुना कोटा प्रोजेक्ट पाठवते, गूगल त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये सेवा चालू आहे का ते बघतं, ती नसते, आणि ४०३ येतो. उपाय एका ओळीचा आहे: ‘जीक्लाउड ऑथ ॲप्लिकेशन-डिफॉल्ट सेट-कोटा-प्रोजेक्ट’ आणि पुढे नवा आयडी. पण कारण ठाऊक नसेल तर अख्खा दिवस जातो.

तिसरा प्रकार वेळेचा. ‘सर्व्हिसेस एनेबल’ ही कमांड, तिला ‘--असिंक’ लावलं नसेल तर, काम पुरं होईपर्यंत थांबते आणि मगच प्रॉम्प्ट परत देते. तोवर यादीत सेवा एनेबल्ड दिसायलाही लागते. तरीही पुढच्याच ओळीत त्या सेवेला हाक मारली की कधी कधी ४०३ मिळतो, कारण बदल गूगलच्या सगळ्या सिस्टिमपर्यंत पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. खुद्द त्या संदेशातच लिहिलेलं असतं की नुकतंच एनेबल केलं असेल तर काही मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करा. हाताने काम करताना हे जाणवत नाही. एक टॅब बंद करून दुसरा उघडेपर्यंत आणि मधे चहाचा घोट घेईपर्यंत ती मिनिटं निघून गेलेली असतात. स्क्रिप्ट मात्र घोट घेत नाही. तुमची ‘कधी चालते, कधी नाही’ ही तक्रार वाचून मला सगळ्यात आधी हेच आठवलं.

आता स्क्रिप्टकडे.

सेवांची यादी स्क्रिप्टच्या पोटात लिहू नका. वेगळी साधी टेक्स्ट फाइल ठेवा, एका ओळीला एक सेवा, आणि ती गिटमध्ये जाऊ द्या. प्रत्येक नावापुढे हॅश टाकून ती का लागते ते मराठीत लिहा: ‘लेबल छापणारं जॉब यावर चालतं’, ‘फवारणीच्या नोंदी इथे ठेवतो’. दोन वर्षांनी टीममध्ये नवा मुलगा येईल तेव्हा ही फाइलच त्याला सांगेल की आपलं ॲप कशाकशावर उभं आहे. कन्सोलमध्ये क्लिक केलं की सेवा चालू होते, पण ती का चालू केली हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. कमांड लाइनचा आग्रह मी वेग वाढावा म्हणून धरत नाही. कारण लिहून राहतं म्हणून धरतो.

नावं काळजीपूर्वक घ्या. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम’ असतं आणि त्याआधीचा भाग उत्पादनाच्या बाजारातल्या नावाशी जुळेलच असं नाही. क्लाउड रनसाठी (ॲप चालवणारी सेवा) नुसतं ‘रन’. क्लाउड एसक्यूएलसाठी (डेटाबेसची सेवा) ‘एसक्यूएलॲडमिन’. तिथे ‘एसक्यूएल-कंपोनंट’ नावाची दुसरी एक सेवा आहे आणि यादीत शोधताना लोक तीच उचलतात. तीही चालू होते, काही चूक दाखवत नाही, आणि ॲप डेटाबेसला जोडायला जातं तेव्हा ॲडमिन एपीआय बंद असल्याचं कळतं. कंटेनरच्या, म्हणजे चालवायला तयार बांधलेल्या ॲपच्या, इमेज ठेवायला आता ‘आर्टिफॅक्टरजिस्ट्री’ लागते. जुन्या लेखांतून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये अजून ‘कंटेनररजिस्ट्री’ सापडते, पण ती सेवा गूगलने १८ मार्च २०२५ पासून बंद केली आहे. सोर्सवरून थेट क्लाउड रनवर डिप्लॉय करत असाल तर ‘रन’, ‘क्लाउडबिल्ड’ आणि ‘आर्टिफॅक्टरजिस्ट्री’ तिन्ही यादीत हवीत. तुमच्याकडे दर वेळी राहून जाणारी सेवा बहुधा यातलीच मधली असणार.

या फाइलवरून पिंपळगावच्या बाजूच्या एका पॅकहाउसमधला दिवस आठवतो. नव्या प्रोजेक्टची मांडणी करायला तिथे गेलो होतो. त्यांच्या ऑफिसातल्या विंडोज मशीनवर यादी नोटपॅडमध्ये थोडी बदलली, क्लाउड शेलमध्ये (गूगलचं ब्राउझरमधलं टर्मिनल) अपलोड केली, स्क्रिप्ट चालवली. सगळ्या सेवांना ‘सापडली नाही किंवा परवानगी नाही’. नावं पुन्हा पुन्हा वाचली, एकही अक्षर चुकलेलं नाही. मालकांना विचारून रोल तपासले, तेही बरोबर. बाहेर क्रेट उतरवणं चालू होतं आणि मी आत एकाच ओळीकडे बघत बसलो होतो. शेवटी ‘कॅट’ला ‘वजा कॅपिटल ए’ लावून फाइल बघितली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी-एम दिसला. विंडोजने ओळ संपवताना ठेवलेलं ते न दिसणारं कॅरेज रिटर्न होतं. बॅशने ते सेवेच्या नावाचाच भाग मानलं होतं आणि अशा नावाची सेवा जगात कुठेच नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये यादी वाचताना पहिलं काम ‘टीआर’ने ते अक्षर गाळायचं, दुसरं ‘सेड’ने हॅशपासून पुढचा मजकूर गाळायचा, तिसरं रिकाम्या ओळी गाळायच्या. मगच नावं पुढे जातात.

पुढे म्हणजे नावांचे गठ्ठे करून कमांडला देणाऱ्या ‘एक्सआर्ग्ज’कडे, ‘वजा एन २०’ लावून. वीसच का? एकाच विनंतीत अनेक सेवा एनेबल करता येतात, पण तिची मर्यादा २० आहे. एकेक सेवा वेगळी पाठवली तरी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. गठ्ठ्याने पाठवताना मात्र एक लक्षात ठेवा. गठ्ठा एकसंध असतो. त्यातली एक सेवा जरी अडली, तरी त्या गठ्ठ्यातली एकही चालू होत नाही. एक स्पेलिंग चुकलं की उरलेल्या एकोणीस बरोबर असूनही बंदच राहतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की अख्ख्या प्रोजेक्टवरच हक्क नाहीत. गठ्ठा पडला तर तीच यादी ‘वजा एन १’ने पुन्हा चालवायची. दोषी नाव लगेच समोर येतं.

बॅशमध्ये ‘मॅपफाइल’ वापरून यादी ॲरेमध्ये घ्यायचा मोह होतो. टीममध्ये कोणी मॅकवर असेल तर टाळा. मॅकसोबत येणारं बॅश ३.२ इतकं जुनं आहे आणि त्यात ‘मॅपफाइल’ नाही.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘सेट वजा ई यू ओ पाइपफेल’ असू द्या, म्हणजे एक पायरी पडली की पुढची चालणार नाही. त्यानंतर लगेच प्रोजेक्टचा प्रश्न सोडवा. प्रोजेक्ट आयडी पहिलं आर्ग्युमेंट म्हणून घ्या. ते दिलं नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, कॉन्फिगमधून गुपचूप उचलू नये. आणि आतल्या प्रत्येक जीक्लाउड कमांडला ‘--प्रोजेक्ट’ लावा. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक. एका ओळीत विसरलात तर तेवढी ओळ तुमच्या लॅपटॉपच्या कॉन्फिगप्रमाणे चालते, बाकीच्या आर्ग्युमेंटप्रमाणे, आणि अशी स्क्रिप्ट दोन प्रोजेक्टवर अर्धी अर्धी होऊन बसते. काम सुरू करण्याआधी पडद्यावर तीन गोष्टी छापा: खातं कोणतं, प्रोजेक्ट कोणतं, यादीत सेवा किती. लाइव्ह प्रोजेक्ट असेल तर पूर्ण आयडी हाताने टाइप करायला लावा. नुसतं ‘वाय’ दाबण्याची बोटांना सवय होते, आयडी टाइप करताना मात्र माणूस थांबून वाचतो.

जीक्लाउडचा एक स्वभाव इथे आडवा येतो. एखादी कमांड चालवली आणि तिची सेवा बंद असेल तर तो विचारतो की एनेबल करून पुन्हा प्रयत्न करू का. टर्मिनलवर बसलेला माणूस घाईत ‘वाय’ म्हणतो, काम पुढे सरकतं, आणि ती सेवा यादीत न येताच चालू होते. पुढच्या ग्राहकाला हीच नेमकी राहून जाते. स्क्रिप्टमध्ये हा प्रश्न येऊच नये म्हणून ‘क्लाउडएसडीके-कोअर-डिसेबल-प्रॉम्प्ट्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा (टाइप करताना मधल्या वजाच्या जागी अंडरस्कोर). टीमलाही सांगा की असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणायचं, यादीत ओळ घालायची आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

पुन्हा चालवायला घाबरू नका. आधीच चालू असलेली सेवा पुन्हा एनेबल केली तर काहीही बिघडत नाही. मधेच लाइट गेली, नेट गेलं, तरी पहिल्यापासून चालवायची. आमच्या अंबडच्या भागात हे होतं, तेव्हा मी तर अशी कामं सरळ क्लाउड शेलमध्येच करतो. तो ब्राउझरमध्ये उघडतो, जीक्लाउड आधीच बसवलेला असतो, होम फोल्डरला ५ जीबी कायमची जागा मिळते आणि आठवड्याला ५० तासांची मर्यादा आहे. चार जणांच्या टीमला एवढं पुष्कळ होतं.

एनेबल झाल्यावर तपासणी दोन टप्प्यांत. पहिला टप्पा यादीचा: ‘जीक्लाउड सर्व्हिसेस लिस्ट --एनेबल्ड’ला ‘--फॉरमॅट’मध्ये ‘व्हॅल्यू, कंसात कॉन्फिग डॉट नेम’ दिलं की नुसती नावं मिळतात. तुमची फाइल आणि ती नावं, याच क्रमाने, दोन्ही ‘सॉर्ट’ करून ‘कॉम वजा २३’ने ताडा. तुमच्या यादीत आहे पण प्रोजेक्टमध्ये नाही अशी ओळ निघाली तर स्क्रिप्टने एरर कोड देऊन थांबावं. दोन्ही सॉर्ट एकाच लोकेलमध्ये करा, त्यासाठी आधी ‘एलसी-ऑल’ला नुसतं ‘सी’ द्या. नाहीतर डॅश असलेली नावं वेगळ्या क्रमाने लागून ‘कॉम’ तक्रार करतं. उलट बाजूने मात्र जास्तीची नावं दिसणारच, त्याने घाबरू नका. कन्सोलवरून किंवा जीक्लाउडने बनवलेल्या नव्या प्रोजेक्टमध्ये बिगक्वेरी, स्टोरेज अशा काही सेवा मुळातच चालू असतात, आणि काही सेवा आपल्यासोबत त्यांना लागणाऱ्या इतर सेवाही चालू करून घेतात.

दुसरा टप्पा खऱ्या हाकेचा, आणि तुमच्या दुखण्यावर औषध हेच आहे. ज्या सेवा पुढच्या पायरीला लगेच लागणार आहेत त्यांना एक निरुपद्रवी, फक्त वाचणारी कमांड द्या. सीक्रेट मॅनेजरसाठी ‘जीक्लाउड सीक्रेट्स लिस्ट’, क्लाउड रनसाठी ‘जीक्लाउड रन सर्व्हिसेस लिस्ट’. ती पडली तर १० सेकंद थांबा, मग २०, मग ४०, असं दुप्पट करत जा आणि पाच-सहा प्रयत्नांनंतर हार माना. हार मानताना शेवटचा एरर पूर्ण छापा. लोक ‘स्लीप ६०’ लिहून मोकळे होतात. ते बहुतेक दिवशी चालतं, आणि ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी का नाही हे कोणालाच कळत नाही.

नव्या प्रोजेक्टला आणखी दोन गोष्टी अडवतात. एक बिलिंग. कॉम्प्युटसारख्या (व्हर्च्युअल मशीनच्या) सेवा बिलिंग खातं जोडल्याशिवाय एनेबलच होत नाहीत. तिथे ४०३ येत नाही, पूर्वअट पूर्ण नाही असा वेगळा एरर येतो आणि बिलिंग खातं सापडलं नाही असं तो स्पष्ट सांगतो. ‘जीक्लाउड बिलिंग प्रोजेक्ट्स लिंक’ ही पायरी यादीच्या आधी ठेवा. दुसरी गोष्ट सर्व्हिस एजंटची. अनेक सेवा चालू झाल्यावर गूगल स्वतः सांभाळतं अशी खाती तयार होतात आणि पुढच्या पायरीत तुम्ही त्यांना रोल देता. काही सेवांमध्ये ते खातं लगेच तयार होत नाही, आणि ‘असं खातं अस्तित्वात नाही’ म्हणून स्क्रिप्ट पडते. ‘जीक्लाउड बीटा सर्व्हिसेस आयडेंटिटी क्रिएट’ने ते आधीच तयार करून घेता येतं. तसंच, कॉम्प्युट एनेबल करणं म्हणजे नुसता दिवा लावणं नव्हे. त्यासोबत एक डिफॉल्ट सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं खातं) आणि, संस्थेच्या पॉलिसीने अडवलं नसेल तर, ‘डिफॉल्ट’ नावाचं नेटवर्कही तयार होतं. ॲपला कॉम्प्युट लागत नसेल तर यादीत ते घालूच नका.

हक्कांचं. तुम्ही ग्राहकाच्या प्रोजेक्टवर ओनर आहात हे मला पटत नाही, आणि तुमच्या ग्राहकालाही पटू नये. सेवा चालू-बंद करायला ‘सर्व्हिस यूसेज ॲडमिन’ हा रोल पुरतो. माझी पद्धत अशी: प्रत्येक ग्राहकाच्या प्रोजेक्टमध्ये मांडणीसाठी एक सर्व्हिस अकाउंट, त्याला लागतील तेवढेच रोल, आणि टीममधल्या दोघांना त्या खात्याच्या वतीने काम करण्याची मुभा. स्क्रिप्टमध्ये ‘--इंपर्सोनेट-सर्व्हिस-अकाउंट’ लावलं की लॅपटॉप कोणाचाही असो, ओळख एकच राहते, आणि ऑडिट लॉगमध्ये मूळ माणूसही दिसतो. यासाठी ‘आयएएमक्रेडेन्शियल्स’ सेवा चालू असावी लागते, ती पहिल्यांदा हाताने करून घ्या. मात्र या खात्याची जेसॉन की डाउनलोड करून टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. नाशिकच्या लहान टीममध्ये मी हे इतक्यांदा पाहिलंय की कळकळीने लिहितोय. ती की म्हणजे ग्राहकाच्या कुलपाची किल्ली आहे, आणि ग्रुप सोडून गेलेल्या मुलाच्या फोनमध्येही ती राहते.

बंद करण्याबद्दल विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं, कारण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं नुकसान त्यातच झालं. फेब्रुवारीचा महिना, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. चाचणीच्या प्रोजेक्टमधल्या नको असलेल्या सेवा बंद करायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. डिसेबलला ‘--फोर्स’ लावला होता, कारण त्याशिवाय एकमेकींवर अवलंबून असलेल्या सेवा बंद होईनात. ‘--प्रोजेक्ट’ लावला नव्हता. सकाळी दुसऱ्या कामासाठी कॉन्फिग लाइव्ह प्रोजेक्टवर नेलं होतं, ते मी विसरलो. स्क्रिप्ट चालली, काही चूक दिसली नाही, आणि लाइव्हवरची ‘एसक्यूएलॲडमिन’ बंद झाली.

सगळं लगेच पडलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण क्लाउड रनमधून डेटाबेसला होणारी जोडणी या ॲडमिन एपीआयकडून तासाभराच्या मुदतीचं प्रमाणपत्र घेते. आधीपासून चालू असलेले कंटेनर त्यामुळे चालत राहिले. मुदती संपत गेल्या, नवे कंटेनर उठायला लागले, तसतसे एकेक करून ते डेटाबेसपासून तुटू लागले. पॅकहाउसमध्ये पेट्यांवर लावायची लेबलं छापणं थांबलं. फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कामात होतो, आणि सकाळची ती स्क्रिप्ट मला आठवलीही नाही. डेटाबेस तपासला, नेटवर्क तपासलं, पासवर्ड बदलून पाहिला. लॉगमधला ४०३चा मजकूर शेवटपर्यंत वाचला तेव्हा कारण तिथेच लिहिलेलं होतं. एका ओळीने सेवा परत चालू केली, पण मधल्या वेळात निर्यातीचे कंटेनर भरायला थांबलेली माणसं आणि कोल्ड स्टोरेजबाहेर ठेवलेली पॅलेट मला अजून दिसतात. त्या निर्यातदारांनी मला काही बोल लावला नाही, त्याने जास्त वाईट वाटलं.

त्या दिवसानंतर माझ्या एनेबलच्या स्क्रिप्टमध्ये डिसेबलची ओळ कधीही नसते. बंद करायचं ते वेगळ्या फाइलमधून, एका वेळी एक सेवा, ‘--फोर्स’शिवाय, आणि जीक्लाउडने नकार दिला तर तो नकार पूर्ण वाचून. सेवा बंद केली की तिच्यातल्या गोष्टींचं बिलही थांबतं, असंही धरून चालू नका. डिस्क, डेटाबेस, बकेट नको असतील तर ते आधी स्वतः काढायचे.

टेराफॉर्मबद्दल थोडक्यात. दहाबारा ग्राहक झाले की तिकडे वळा, पण त्यातल्या ‘गूगल प्रोजेक्ट सर्व्हिस’ या रिसोर्समध्ये ‘डिसेबल ऑन डिस्ट्रॉय’ स्पष्टपणे ‘फॉल्स’ लिहा. नाहीतर, ज्या आवृत्तीत ते न लिहिल्यास ‘ट्रू’ धरलं जातं तिथे, कोणी एक ओळ काढली आणि वरची गोष्ट पुन्हा घडली, असं व्हायला नको. टेराफॉर्मला स्वतःला सेवा चालू करायलाही ‘सर्व्हिसयूसेज’ आणि ‘क्लाउडरिसोर्समॅनेजर’ आधी चालू लागतात, म्हणून सुरुवातीची छोटी शेल स्क्रिप्ट काही सुटत नाही.

उद्या एखादा ग्राहक दुसऱ्या क्लाउडवर असला तर कल्पना तीच, नावं वेगळी. ॲझ्युअरमध्ये सबस्क्रिप्शनवर रिसोर्स प्रोव्हायडर रजिस्टर करावे लागतात: ‘एझेड प्रोव्हायडर रजिस्टर’, पुढे ‘--नेमस्पेस’ आणि थांबण्यासाठी ‘--वेट’. एडब्ल्यूएसमध्ये सेवा अशा एकेक एनेबल कराव्या लागत नाहीत, पण रीजनचं बघावं लागतं. मुंबई रीजन खात्यात मुळातच चालू असतो. हैदराबाद मात्र २० मार्च २०१९ नंतर आलेल्या रीजनपैकी असल्याने ‘एडब्ल्यूएस अकाउंट एनेबल-रीजन’ने स्वतः चालू करावा लागतो आणि त्यालाही वेळ लागतो. गूगलमध्ये मुंबई म्हणजे ‘एशिया-साउथ१’ किंवा दिल्ली म्हणजे ‘एशिया-साउथ२’ यासाठी असं काही करायला लागत नाही.

तुमच्याकडे आत्ता करण्यासारखं काम हे: जो ग्राहक सगळ्यात व्यवस्थित चालतोय त्याच्या प्रोजेक्टची एनेबल्ड यादी काढा, जो सगळ्यात त्रास देतोय त्याचीही काढा, आणि दोन्ही सॉर्ट करून ‘डिफ’ घ्या. जो फरक येईल त्यातली प्रत्येक सेवा कोणत्या कामाला लागते हे टीममध्ये बसून लिहा. तीच तुमची पहिली यादी. एखाद्या नावाबद्दल कोणालाच सांगता आलं नाही तर ते बंद करू नका, हॅश टाकून ‘माहीत नाही’ असं लिहून ठेवा आणि ती यादी मला पाठवा, एकत्र बघू.